मागची एअर सस्पेन्शन : सकाळी डावा कुल्ला बसलेला (सुटला! शेवटचे प्रतिसाद वाचा)

खारफुटी
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. गाडी जर्मन, सात सीटची, डिझेल, २०१२ची. तीन वर्षांपूर्वी जुनी म्हणून घेतली, आता ९४,००० किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा 'जर्मन घ्यायचीच कशाला'वर जातो आणि माझी गाडी राहते बाजूला. पुढे साध्या कॉइल स्प्रिंग आहेत, मागे स्प्रिंगच्या जागी दोन हवेचे बेलो, म्हणजे रबराचे फुगे. कंप्रेसर डिकीच्या तळाखाली, स्टेपनीजवळ.

राहायला चोडणला, नोकरी पणजीत. म्हणजे रोज रायबंदरची फेरीबोट. गेल्या महिन्यापासून सकाळी बघतो तर मागची डावी बाजू बसलेली, कुत्रं एका कुल्ल्यावर बसावं तशी. स्टार्ट केली की कंप्रेसर घुरघुरतो आणि तीन-चार मिनिटांत गाडी उठते. परवा घाईत उठायची वाट न बघता निघालो. ओहोटी होती, रॅम्प चांगलाच उतरता. बोटीवर चढताना मागून 'खर्रर्र'. बोटीवरचा माणूस ओरडला, "पात्रांव, फाटल्यान पळय!" (साहेब, मागे बघा!) बंपरचा खालचा ओठ गेला.

एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. लिफ्टवर घेतली, साबणाचं पाणी मारलं, बुडबुडा कुठेच नाही. तरी एस्टिमेट असं : दोन्ही बेलो, कंप्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक (बेलोंना हवा वाटून देणारा), दोन्ही हाइट सेन्सर (गाडीची उंची मोजणारे), मजुरी. २,८६,००० रुपये. नक्की काय बिघडलंय विचारलं तर म्हणाले, "सिस्टीमच बदलूया, मग टेन्शन नाही." टेन्शन कोणाला नाही ते विचारायचं राहिलं.

चवथीला सासुरवाडीला डिचोलीला जायचंय, सात माणसं, वर माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान. काय करू?

---

वायरमन
शनिवार, रात्री १०:०५

हाइट सेन्सर. १०० टक्के. सेन्सर मागच्या आर्मला एका बारीक दांडीने जोडलेला असतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दांडीचे बॉल जॉइंट गंजतात, सेन्सर अडकतो, कंट्रोलरला वाटतं डावी बाजू वर आहे, तो हवा सोडतो. बेलोला हात लावू नका.

---

सासष्टीकर
शनिवार, रात्री १०:३१

माझा सल्ला, कॉइल लावा आणि मोकळे व्हा. मी दोन वर्षांपूर्वी मडगावला लावून घेतल्या. तेव्हापासून एकदाही बसली नाही. हवा हवी कुठे, टायरमध्ये. बास.

---

बसवाला
शनिवार, रात्री ११:१२

माझा धंदा बसचा, म्हापशाला. २००१ साली व्होल्वोच्या बसगाड्या आपल्याकडे आल्या तेव्हापासून हवेच्या फुग्यांशी संसार करतोय. बसच्या फुग्यात आणि तुमच्यात तत्त्वाचा फरक नाही. आमच्याकडे उंची ठरवायला यांत्रिक लेव्हलिंग व्हॉल्व्ह, तुमच्याकडे सेन्सर आणि कंट्रोलर.

आधी एक काम करा. टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. जमिनीपासून नको, टायरमधली हवा कमीजास्त असली की आकडा फसवतो. रात्री गाडी लावल्यावर एकदा, सकाळी स्टार्ट करायच्या आधी एकदा, दोन्ही बाजू. आकडे इथे टाका. आकड्यांशिवाय इथे कोणी पार्ट सुचवला तर त्याच्याकडूनच पैसे घ्या.

---

खारफुटी
सोमवार, सकाळी ७:५०

शनिवारी रात्री १२ : डावी ५०.५ सेंमी, उजवी ५०.५.
रविवारी सकाळी ६:३० : डावी ४४, उजवी ५०.

काल रविवार, गाडी हलवलीच नाही, दार-डिकीही उघडली नाही. आज सकाळी, म्हणजे तीसेक तासांनी, तरी डावी ४४च. म्हणजे ४४ला येते आणि थांबते.

---

शेवंती
सोमवार, सकाळी ९:२०

याच जातीची गाडी आमच्याकडे फोंड्याला होती, म्हणून लिहिते.

वायरमन म्हणतात ते अशक्य नाही. या गाड्यांचा कंट्रोलर गाडी बंद केल्यावरही काही वेळ जागा असतो, मधेच उठून लेव्हल बघतो, आणि सेन्सर खोटं बोलत असेल तर हवा सोडूही शकतो. पण ते ताडायला फुकटचा उपाय आहे. गाडी सपाट जागी लावा, बंद करा आणि एअर सस्पेन्शनचा फ्यूज काढून खिशात ठेवा. फ्यूजचा नकाशा गाडीसोबतच्या पुस्तकात किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर असतो. कंट्रोलरला वीजच नाही म्हटल्यावर तो व्हॉल्व्ह उघडणार कशाने? हे व्हॉल्व्ह वीज मिळाली तरच उघडतात, एरवी स्प्रिंगने बंद असतात.

सकाळी गाडी जागच्या जागी, तर भांडण विजेचं. फ्यूज खिशात असूनही बसली, तर हवा स्वतःहून जातेय, सेन्सर निर्दोष.

---

वायरमन
सोमवार, सकाळी ९:४१

टेस्ट चांगली आहे. पण सेन्सरच निघणार.

---

खारफुटी
मंगळवार, सकाळी ७:१५

फ्यूज रात्रभर खिशात. बायकोने सकाळी पँट धुवायला टाकताना काढून विचारलं, हे काय नवीन.

डावी ४४. उजवी ५०.

---

वायरमन
मंगळवार, सकाळी ७:३०

ओके. सेन्सर नाही. शब्द मागे.

---

घाटवाटा
मंगळवार, सकाळी ८:०२

मग व्हॉल्व्ह ब्लॉक? माझ्या मित्राचा तोच गेला होता. पावसात गाडी बरीच चोर्ला घाटातून जायची, कंप्रेसरने दमट हवा ओढून ओढून आतले व्हॉल्व्ह चिकटले होते.

---

बसवाला
मंगळवार, दुपारी १:१०

आता उरले तीन : बेलो, बेलोपर्यंतची नळी, आणि ब्लॉकमधला डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह किंवा तिथलं फिटिंग. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या तर दोघांत सामाईक काय आहे ते शोधलं असतं. इथे एकच बसतेय, म्हणजे दुखणं डाव्याच्या घरातलं.

ब्लॉक वगळून बघायचं. डाव्या बेलोची नळी ब्लॉकपासून सोडवायची आणि तिला थेट बाहेरून हवा भरायची. लागतं काय, तर नळीच्या मापाचा पुश कनेक्टर, एक छोटा बॉल व्हॉल्व्ह आणि टायरला असतो तसा व्हॉल्व्ह. नळीचं माप आधी कॅलिपरने बघा, ४ मिमी आणि ६ मिमी दोन्ही चालतात बाजारात. हे सगळं कारखान्यांना न्यूमॅटिकचा माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतं. त्यासाठी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायची गरज नाही, माझ्याकडे जोडून ठेवलेलं आहे.

एक गोष्ट ठळक अक्षरात समजा. नळी सोडवली की त्या बाजूची गाडी खाली येते. फसकन येते. आधी बॉडीखाली स्टँड. नुसता जॅक चालणार नाही. आणि हवेवर उभ्या गाडीच्या मडगार्डमध्ये डोकं, हात, काही घालायचं नाही. माझ्याकडच्या एका पोराचं बोट वाचलं ते निव्वळ नशिबाने.

या शुक्रवारी या. बाजाराचा दिवस आहे, गाडी लावायला जागा मिळणार नाही, म्हणून सकाळी आठच्या आत.

---

सासष्टीकर
मंगळवार, दुपारी २:४५

एवढ्या खटाटोपात कॉइल बसून गाडी घरी पण गेली असती :)

---

शेवंती
मंगळवार, दुपारी ३:३०

सासष्टीकर, तुमचं समाधान आहे तर छान. पण यांची गरज वेगळी आहे. मागे हवा दिलेली असते ती मुळात भार उचलायला. सात माणसं आणि नारळ-सुपाऱ्या-माटोळी चढली तरी गाडी मागून बसू नये म्हणून. कॉइल रिकाम्या गाडीला जुळवली तर भरल्यावर बसते, भरलेल्या गाडीला जुळवली तर रिकामी असताना उड्या मारते. शिवाय कंट्रोलर कोडिंगमधून उडवावा लागतो, नाहीतर दिवा जळत राहतो. पुष्कळ गाड्यांत हेडलाइटची आपोआप खाली-वर होणारी पातळीसुद्धा याच मागच्या सेन्सरवर चालते. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचून ठेवा, मूळ रचनेत फेरफार हा विम्याच्या क्लेमच्या वेळी आठवणारा विषय आहे.

---

बसवाला
मंगळवार, रात्री १०:२०

अवांतर : हा मोह जुना आहे. कॅडिलॅकने १९५७च्या एल्डोराडो ब्रोम गाडीला चारही चाकांना हवेचे स्प्रिंग दिले होते. रबर आणि सील दगा द्यायला लागले आणि कित्येक मालकांनी मुकाट कॉइल बसवल्या. तेव्हा सासष्टीकर, तुमच्यामागे ऐतिहासिक परंपरा उभी आहे.

---

खारफुटी
शनिवार, सकाळी ८:३०

काल म्हापशाला गेलो. बसवालेंनी (पैसे घेतले नाहीत, एक चहा आणि कापां एवढंच) बॉडी स्टँडवर घेऊन नळी सोडवली. ब्लॉकच्या तोंडाला डमी लावली, नळीला त्यांचा जुगाड. हवा थोडी थोडी भरत टेपवर ५०.५ आणली, स्टँड काढले, बॉल व्हॉल्व्ह बंद. जुगाडच गळत नाही ना म्हणून त्यावरही शांपूचं पाणी मारलं, कोरडा ठणठणीत. गाडी रात्रभर त्यांच्याच शेडमध्ये ठेवली, मी बसने घरी.

सकाळी फोन आला : ४४.५.

म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉक निर्दोष सुटला. एस्टिमेटमधले ६२,००० तिथेच वाचले.

पण मग साबणाला बुडबुडा का येत नाही?

---

बसवाला
शनिवार, सकाळी १०:००

याचं उत्तर तुमच्या ४४च्या आकड्यात आहे. तो मी पहिल्या दिवशी वाचला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

बेलो म्हणजे मोज्याचं तोंड दुमडावं तशी खाली घडी घातलेली रबराची नळी. चाक वर-खाली झालं की ती घडी खालच्या पिस्टनवर पुढे-मागे गुंडाळली जाते. रबर फाटतं ते या घडीत, कारण रोज हजारो वेळा तिथेच वाकतं. भेग बारीक असेल तर ती फक्त एका ठरावीक उंचीला, घडीच्या बाकावर आली की उघडते. गाडी ४४ला बसली की भेग बाकापासून सरकते, तोंड मिटतं, गळती थांबते. फिटिंग किंवा नळी गळत असती तर त्याला उंचीचं काय सोयरसुतक? ती गळतच राहिली असती आणि गाडी पार रबराच्या ठोकळ्यावर येऊन बसली असती.

वर्कशॉपात लिफ्टवर घेतली तेव्हा चाकं लोंबत होती. बेलो पूर्ण ताणलेला, घडी जवळजवळ उलगडलेली, भेग तिसरीकडेच. त्यात मारा साबण किती मारायचा तो.

चाकं जमिनीवर, गाडी नेहमीच्या उंचीला, फ्यूज काढलेला, मागे वजन. असं बघायचं. माझ्याकडे बसचा खड्डा आहे, त्यावर घेतो. तुम्ही वजन आणा.

---

खारफुटी
शनिवार, संध्याकाळी ६:५०

वजन म्हणून दोन पोती नारळ आणि भावाची दोन पोरं. पोरांना डिकीत बसायला सांगावं लागलं नाही.

खड्ड्यात उतरलो. स्टँड बॉडीखाली अर्धा इंच मोकळा ठेवलेला, बसली तर अंगावर येऊ नये म्हणून. आधी बसवालेंनी साध्या पाण्याची पिचकारी मारून बेलोच्या घडीतला चिखल धुऊन काढला. तांबडी, पिठासारखी माती. घडीत अशी माती म्हणजे सँडपेपरच, प्रत्येक खड्ड्याला एक हात फिरतो. मग शांपूचं पाणी. चाकाकडची बाजू साफ. पुढची साफ. मी म्हटलं, चला, इथेही काही नाही. त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, फक्त मोठा, दांडीचा आरसा चेसिसच्या बाजूने आत घातला आणि मला टॉर्च धरायला लावला.

आरशात आधी काहीच नव्हतं. अर्ध्या मिनिटाने घडीच्या आतल्या बाजूला, बोटाच्या दोन पेरांएवढी, मुंगीची अंडी ओळीने मांडावीत तशी पांढरी रेघ उमटली. फेस हळूहळू वाढला, मग एक बुडबुडा वाटाण्याएवढा फुगून फुटला. पोरांना "जरा उड्या मारा" म्हटलं तर रेघ झटकन जाड झाली.

महिनाभर झोप उडवणारी वस्तू ती एवढीशी. उजव्या बेलोतही बारीक जाळी पडलीय, गळत नाही अजून.

---

घाटवाटा
शनिवार, संध्याकाळी ७:१५

काय वर्णन आहे! एक बदलणार की जोडी?

---

खारफुटी
शनिवार, संध्याकाळी ७:४०

जोडी. दोघांचं वय एकच. उजवा जाऊन परत खड्ड्यात उतरायची हौस नाही. बाहेरच्या कंपनीची जोडी मागवलीय, ३४,५०० रुपये. गाडीवर आलेल्या कंपनीचीच घेतली असती तर जवळपास दुप्पट पडली असती.

---

बसवाला
शनिवार, रात्री ११:००

माल आल्यावर घाई करू नका, तीन ठिकाणी लोक घोळ घालतात. बेलोच्या खालच्या तोंडाला खाच असते, ती जागेवर बसली नाही तर रबर पीळ खाऊन बसतं आणि दोन महिन्यांत परत फाटतं. नळीच्या टोकाचं पितळी फिटिंग नवं घ्या, जुनं चावून बसलेलं असतं, आणि नळीचं टोक ब्लेडने काटकोनात कापा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रिकाम्या बेलोवर गाडीचं वजन कधी टाकायचं नाही. चाकं लोंबती ठेवून आधी हवा, घडी नीट गोल पडली का ते डोळ्याने बघायचं, मग हळू खाली. रिकाम्यावर टाकली की घडी चिमटते आणि नवा बेलो तिथल्या तिथे जातो.

घडीला टायर पॉलिश, ग्रीस, डिझेल काही लावायचं नाही. चकाकीचा सोस असेल तर डॅशबोर्ड पुसा.

---

खारफुटी
पुढचा शुक्रवार, रात्री ९:१०

बसवले. दोन्ही मिळून साडेतीन तास, त्यातला एक तास एका गंजलेल्या बोल्टला. स्कॅनरने डाव्या-उजव्या उंचीची कॅलिब्रेशन केली, टेपवरचा आकडा मिलिमीटरमध्ये त्यात घालायचा असतो.

पण आनंद अर्धा तासच टिकला. पर्वरीच्या चढावर पिवळा दिवा परत लागला. स्कॅनर म्हणतो, कंप्रेसर तापमान मर्यादेबाहेर. घरी येऊन गाडी बंद केली तरी डिकीखालून घूंऽऽ चालूच. आता काय?

---

वायरमन
शुक्रवार, रात्री ९:२२

आता माझं ऐका, आता विषय विजेचा आहे. फ्यूज लगेच काढा, उद्यापर्यंत परत लावू नका.

गाडी बंद करूनही कंप्रेसर चालतोय म्हणजे रिलेचे, कंप्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटलेत. महिनाभर गळका बेलो भरायला कंप्रेसर रोज मिनिटामागून मिनिटं चालत होता. जास्त तास, जास्त करंट, रिलेत ठिणगी, शेवटी पॉइंट वेल्ड. कंट्रोलर 'बंद' सांगतो, रिले ऐकत नाही. असाच रात्रभर चालला तर कंप्रेसरही जाईल आणि बॅटरीही.

रिले काढून हलवा. उघडली नाही तरी बाजूने प्लास्टिक तपकिरी झालंय का बघा.

---

खारफुटी
शनिवार, सकाळी ११:००

तपकिरी नाही, काळं झालंय. पाया वितळलाय. नवा रिले ९५० रुपये.

---

शेवंती
शनिवार, सकाळी ११:३०

रिले बदलताना कंप्रेसरचा ड्रायरही उघडून बघा. त्यात सिलिका जेल असते, आत येणाऱ्या हवेतला ओलावा शोषायला. गाडी खाली करताना कोरडी हवा उलट त्यातूनच बाहेर जाते आणि जेल परत वाळते, अशी मूळ योजना. पण हवा बेलोतूनच निसटत असेल तर उलट वाट चालतच नाही. नुसतं ओढणं, तेही आपल्या पावसाळ्यातली हवा. आमचा ड्रायर उघडला तेव्हा आतला साबुदाणा खिचडीला भिजवावा तसा झाला होता.

---

खारफुटी
रविवार, दुपारी ४:२०

आमच्या साबुदाण्याचं पीठ झालं होतं. ती भुकटी पुढे व्हॉल्व्हमध्ये जाण्याआधी सापडली हे बरं. ड्रायर झटकून, कोरड्या हवेने साफ करून नवी जेल भरली, ओ-रिंग नवी, तोंडाची फिल्टरची चकती नवी. कंप्रेसर तोच ठेवला. आधी गाडी उठायला तीन-चार मिनिटं लागायची, आता नारळाची पोती चढवली तर पंचवीस-तीस सेकंदांत लेव्हल करून गप्प.

हिशेब : बेलो जोडी ३४,५००, फिटिंग आणि ओ-रिंग १,१००, रिले ९५०, जेल ६००, स्कॅनरवाल्याचे १,५००, बसवालेंच्या पोरांना बळेच दिलेले ४,०००. एकूण ४२,६५०. बंपरचा ओठ अजून तसाच, तो चवथीनंतर.

---

सासष्टीकर
रविवार, संध्याकाळी ५:०५

मान्य. तुमचं झालं ते बरं झालं. पण पाच वर्षांनी परत याल इथे :)

---

खारफुटी
रविवार, संध्याकाळी ५:३०

येईन की. टेप घेऊन येईन.

---

खारफुटी
चवथीचा दुसरा दिवस, सकाळी ८:००

काल सात माणसं, माटोळीच्या पिशव्या, वर सासूबाईंनी परतताना दिलेला फणस. रात्री ११ला गाडी लावली : ५०.५, ५०.५. आज सकाळी : ५०.५, ५०.५. रॅम्पवर, ओहोटीला, आवाज नाही. बोटीवरचा तोच माणूस होता, त्याने वाकून मागे बघितलं आणि नुसता अंगठा दाखवला.

---

बसवाला
चवथीचा दुसरा दिवस, सकाळी ९:१५

जुना डावा बेलो फेकलात का? चिरून बघायचाय. भेग बाहेरून आत गेलीय की आतून बाहेर, त्यावरून माती की वय ते कळतं. पोरांना दाखवायला पण होईल.

---

खारफुटी
चवथीचा दुसरा दिवस, सकाळी ९:४०

पडवीत आहे, मांजर त्यावर झोपतं. शुक्रवारी बाजाराला येतो तेव्हा आणतो. आठच्या आत.